३५-०-३५ च्या ट्रान्सफॉर्मरला ५० व्होल्टचे कंडेन्सर: ॲम्प्लिफायर किटबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ‘नवशिक्यांसाठी’ म्हणून विकलेल्या २०० वॉट ॲम्प्लिफायर अपग्रेड किटमधले चुकीचे सुटे भाग आणि त्यामुळे झालेलं नुकसान

महोदय,

माझ्या पहिल्या तक्रारीला आपलं उत्तर मिळालं. ‘ग्राहकाने चुकीची जोडणी केल्याने भाग निकामी झाले, सोल्डरिंग केल्यावर वॉरंटी लागू राहत नाही.’ जोडणीचं पुढे बोलतो. वॉरंटीबद्दल मात्र आधी विचारतो: कोरा बोर्ड आणि पिशवीभर सुटे भाग असं किट सोल्डर न करता वापरायचं कसं? म्हणजे ही वॉरंटी फक्त पाकीट न फोडणाऱ्या गिऱ्हाइकाला आहे.

आमचा ॲम्प्लिफायर जुना, ऐंशीच्या दशकात जोडून घेतलेला. डिचोली तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर चवथीच्या आरतीला आणि देवळातल्या भजनाला तोच जातो. अलीकडे त्यात सतत हमिंग यायचं आणि घुमट या मातीच्या तालवाद्यावर जोराची थाप पडली की सगळा आवाजच बसायचा. फिल्टर कंडेन्सर सुकले की हे होतंच. ५० हर्ट्‌झची वीज ब्रिजमधून, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या डायोडच्या जोडणीतून, गेली की तिच्यात १०० हर्ट्‌झचे चढउतार उरतात. ते कंडेन्सरने सपाट करायचे. त्याची ताकद गेली की तेच स्पीकरमधून ऐकू येतात. ट्रान्सफॉर्मर मात्र ठणठणीत आहे, तांब्याच्या तारेचा, ३५-०-३५, म्हणजे मधल्या टोकाच्या दोन्ही बाजूंना ३५-३५ व्होल्ट एसी देणारा. म्हणून पेटी आणि ट्रान्सफॉर्मर ठेवून आतलं बदलायचं ठरवलं. आपल्या जाहिरातीत नेमकं हेच होतं: ‘जुना ट्रान्सफॉर्मर तसाच ठेवा, ३५-०-३५ पर्यंत चालतो, ८ ओहमवर २०० वॉट, पहिल्यांदाच जोडणाऱ्यांसाठी सोपं.’ मी पहिल्यांदाच जोडणारा. किट घेतलं.

आता हिशेब बघा. ३५ व्होल्ट एसी ब्रिजमधून कंडेन्सरवर गेले की ३५ गुणिले १.४१४, म्हणजे साडेएकोणपन्नास होतात. डायोडचा एखादा व्होल्ट वजा केला तरी ४८-४९ उरतात. आपण दिलेल्या १०,००० मायक्रोफॅरडच्या दोन्ही कंडेन्सरवर छापलंय ५० व्होल्ट. हे वीज बरोबर २३० असतानाचं. आमच्याकडे रात्री, गाव निजलं की, मीटर २४४ दाखवतो. त्या वेळी कंडेन्सरच्या दोन टोकांवर मी स्वतः ५१.६ मोजले. ॲम्प्लिफायर नुसता चालू, गाणं बंद. ट्रान्सफॉर्मरवर भार नसला की व्होल्टेज वरच राहतं, हे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कुणालाही विचारा. अशा जागी पुढचा प्रचलित आकडा ६३ व्होल्टचा. किमतीत फरक पडतो, मान्य आहे. पण तो आपण वाचवायचा आणि धूर आमच्या घरात?

धूर म्हणजे खराच. काही संध्याकाळी ॲम्प्लिफायर नीट चालला, हमिंग गेलं, घरचे खूश. मग एका रात्री उणे बाजूच्या कंडेन्सरचं वरचं झाकण फुगलं, त्यावरची फुलीची खाच फाटली, फुस्स आवाज झाला आणि खोलीभर सडक्या मासळीसारखा वास. (आम्ही गोंयकार, मासळीच्या वासाला घाबरत नाही, हा मात्र दुसऱ्या दिवशीही गेला नाही.) बोर्डावर तपकिरी ओघळ आहे, फोटो जोडला आहे. आपण म्हणता जोडणी उलटी होती. अधिक-उणे उलटं असतं तर कंडेन्सर पहिल्यांदा वीज लावताच काही मिनिटांत गेला असता, इतके दिवस चालला नसता. शिवाय त्याच फोटोत पांढरी पट्टी उणे टोकाकडेच दिसते.

म्हापशाहून ६३ व्होल्टचे आणून बसवले, स्वतःच्या पैशांनी. तरी सुटका नाही. आपण आउटपुटला ३०५५ आणि २९५५ ची जोडी दिली आहे. ट्रान्झिस्टर चांगले आहेत, जुने नावाजलेले आहेत, पण त्यांची कलेक्टर-एमिटर मर्यादा, म्हणजे या दोन टोकांमध्ये सोसणारं जास्तीत जास्त व्होल्टेज, ६० व्होल्ट आहे. कुठलीही डेटाशीट उघडा. अधिक-उणे ४९ च्या सप्लायवर आवाज चढला आणि आउटपुट एका टोकाला गेलं की समोरच्या ट्रान्झिस्टरवर दोन्ही सप्लायची जवळजवळ बेरीज येते, नव्वदच्या वर. आरतीच्या तालमीत तेच झालं. ३०५५ आतून शॉर्ट झाला, सप्लायचे सगळे डीसी व्होल्ट थेट स्पीकरवर गेले आणि वूफरची कॉइल जळाली. साखळीच्या बाजारात जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी बोर्ड हातात घेतला, ट्रान्झिस्टरचे नंबर वाचले आणि म्हणाले, ‘हांगा (इथे) ५२००-१९४३ ची जोडी हवी होती.’ ती २३० व्होल्टची. बोर्ड पुरता बघायचीही त्यांना गरज पडली नाही. आपल्या तंत्रज्ञांना ती का पडावी, कळत नाही.

जाता जाता त्या २०० वॉटबद्दल. ४९ चा वर्ग भागिले १६ (आठ ओहमची दुप्पट), म्हणजे आठ ओहमवर दीडशे वॉट, तेही कुठेच काही वाया जात नाही असं धरून.

माहितीपत्रकाबद्दलही बोललं पाहिजे, कारण इथे एखाद्याचा जीव जाऊ शकतो. त्यात लिहिलंय, ‘ट्रान्झिस्टर हीटसिंकवर घट्ट आवळा.’ हीटसिंक म्हणजे उष्णता शोषणारी धातूची पट्टी. या ट्रान्झिस्टरचं धातूचं अंगच कलेक्टर असतं. मधे मायका (वीज न जाऊ देणारा अभ्रकाचा पातळ तुकडा) न घालता दोन्ही एकाच हीटसिंकवर आवळले तर अधिक आणि उणे सप्लाय सरळ एकमेकांना भिडतात. मायका पाकिटात नाही, पत्रकातही नाही. पहिल्यांदा वीज लावताना शंभर वॉटचा बल्ब सिरीजमध्ये ठेवा, स्पीकर जोडण्याआधी आउटपुटवर डीसी मोजा, वीज बंद केल्यावरही कंडेन्सर भरलेला असतो तेव्हा हात लावण्याआधी तो रिकामा करा, यातला एक शब्दही नाही. हे सगळं मला काकांनी सांगितलं, फुकट. चकचकीत खोक्यासाठी पैसे घेणाऱ्यांनी नाही.

माझी मागणी अशी. किटची पूर्ण किंमत आणि वूफरची कॉइल नव्याने भरून घेण्याचा खर्च परत मिळावा. दोन्ही पावत्या सोबत आहेत. जाहिरातीतून ‘३५-०-३५’ ताबडतोब काढा, किंवा किटमध्ये ६३ व्होल्टचे कंडेन्सर आणि योग्य ट्रान्झिस्टर घाला. हे किट ज्यांनी ज्यांनी घेतलं त्यांना कळवा. त्यांची यादी आपल्याकडेच आहे, आणि त्यांतला एखादा चवथीला माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या छताखाली) हा ॲम्प्लिफायर लावून बसला असेल. मला पैशांपेक्षा याची घाई जास्त आहे.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे या पत्राची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. तसं झालं नाही तर मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘वाद फक्त आमच्या शहरातील न्यायालयात’ असं आपण छापलं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो तिथे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही.

फुटलेला कंडेन्सर, जळका ३०५५ आणि बोर्ड मी जपून ठेवले आहेत. तपासायला हवे असतील तर कुरियर आपल्या खर्चाने पाठवा. मात्र पोचपावतीवर प्रत्येक भागाचं नाव लिहून घेईन, त्याशिवाय वस्तू देणार नाही.

कळावे,
आपला एक ग्राहक
डिचोली, गोवा

सोबत: खरेदीच्या पावत्या, बोर्डाचे फोटो, मीटरवरील आकड्यांचे फोटो, आपल्या जाहिरातीची प्रत