चाचा, तुम्ही मराठीत सांगितलं म्हणून

अस्सलामु अलैकुम चाचा. तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे माहितीये मला, चाचींना सांगून ठेवलंय वाचून दाखवा म्हणून. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच चहा ठेवायला सांगता आणि विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

अब्बा गेले तेव्हा जनाज्याला आलेलं कोणीतरी बोलून गेलं, माणूस चांगला होता पण मशिदीत कमीच दिसायचा. महिनाभर ते वाक्य डोक्यातून जाईना. आयुष्यभर टेम्पो चालवला त्यांनी, दिंडोरीकडच्या मळ्यांतून टोमॅटोचे क्रेट भरायचे आणि पिंपळगावच्या मार्केटला टाकायचे, सीझनला तर घरी कधी येतात कधी जातात कळायचं पण नाही. नमाज पढायचे, पण गाडीच्या बाजूला चटई टाकून, एकटेच. मग मला वाटायला लागलं की अल्लाहने माणूस इबादतीसाठी, म्हणजे त्याच्या उपासनेसाठी बनवलाय तर अब्बांचं आयुष्य काय क्रेट उचलण्यातच गेलं का, आणि ज्याला कशाचीच गरज नाही त्याला आपली इबादत तरी कशाला पाहिजे. हे विचारायचं कोणाला? मी मराठी मिडीयमची, मशिदीतल्या बयानातलं, म्हणजे प्रवचनातलं उर्दू अर्धं समजतच नाही, आणि असं विचारलं तर लोक काय म्हणतील ही भीती वेगळीच.

तुम्ही रागावला नाहीत. वडाळा रोडच्या तुमच्या त्या छोट्या हॉलमध्ये कुराणाचा मराठी तर्जुमा, म्हणजे भाषांतर काढलात आणि सूरह जारियातची 56 वी आयत दाखवलीत, मी जिन्न आणि माणसं माझ्या इबादतीसाठीच निर्माण केली. म्हणालात आता इथे थांबू नको, पुढची वाच. 57 मध्ये लिहिलंय की मला त्यांच्याकडून रोजी नको आणि त्यांनी मला खाऊ घालावं असंही नको. म्हणजे गरज आपली आहे, त्याची नाही. मग इबादत हा शब्द अब्द वरून आलाय, अब्द म्हणजे बंदा, सेवक, आणि बंदा काय दिवसातून पाच वेळाच बंदा असतो का, हलालची कमाई, खरं माप, शेजाऱ्याशी वागणं हे सगळं त्यातच येतं. पण नमाज फर्ज आहे, म्हणजे करावीच लागते, हेही तुम्ही तितक्याच स्पष्ट सांगितलंत, मला बरं वाटावं म्हणून काही कमी केलं नाहीत, आणि म्हणूनच बाकीच्यावर माझा विश्वास बसला. हिशोब घेणारा अल्लाह आहे, जनाज्यातला माणूस नाही, असं म्हणालात.

मग तुम्ही विचारलंत, अब्बा रस्त्यात काय करायचे सांग. मला आधी कळलंच नाही. मग आठवलं, ट्रकवाले गाडी बंद पडली की टायरखाली दगड लावतात आणि जाताना तसेच टाकून जातात, अब्बा प्रत्येक वेळी टेम्पो थांबवून ते दगड कडेला करायचे, आम्ही मागून कटकट करायचो उशीर होतो म्हणून. तेव्हा तुम्ही ती हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन सांगितलंत, ईमानच्या म्हणजे श्रद्धेच्या सत्तरच्या वर शाखा आहेत आणि त्यातली सगळ्यात छोटी म्हणजे रस्त्यातली त्रास देणारी गोष्ट बाजूला करणं. मी तिथेच रडले. चाची आतून आल्या आणि काही न बोलता बाजूला बसल्या.

पैगंबर कशाला पाठवले हे पण मला तेव्हाच नीट समजलं. नुसतं पुस्तक वरून टाकलं असतं तर आपण वाचून ठेवून दिलं असतं, जगून दाखवणारा माणूस लागतो. शेळ्या राखलेली माणसं होती ती, आपले पैगंबर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम तर व्यापारपण करायचे, वही, म्हणजे अल्लाहचा संदेश पहिल्यांदा आला तेव्हा 40 वर्षांचे होते, त्याच्या आधीपासूनच मक्का त्यांना अमीन, म्हणजे विश्वासू म्हणायची. आणि सूरह इब्राहीमची 4 थी आयत, प्रत्येक पैगंबर त्याच्या लोकांच्या भाषेतच पाठवला, त्यांना स्पष्ट करून सांगावं म्हणून. तुम्ही मनपा शाळेत इतकी वर्षं मराठी शिकवलं ते माझ्यासारखीच्या असं कामी आलं. उर्दू येत नाही म्हणून मला आयुष्यभर जी लाज वाटायची ती त्या दिवशी गेली चाचा.

अम्मीला पण सगळं सांगितलं, ती आता अब्बांची चटई वापरते.

रविवारी असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजनंतर येते इन्शाअल्लाह. नूह पैगंबर अलैहिस्सलामांपाशी थांबलो होतो आपण, साडेनऊशे वर्षं लोकांमध्ये राहिले आणि ईमान आणलं थोड्यांनीच, तरी ते थकले कसे नाहीत हे मला विचारायचंय. चाचींसाठी भद्रकालीतून काही आणायचं असेल तर शनिवारी फोन करायला सांगा.