संशोधकांवरील व्याख्यानांत त्यांचा काळही यावा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

जर्मनीचा इतिहास, तिथली संस्कृती आणि तिथले कल्पक संशोधक यांवरील जाहीर व्याख्याने मी आवडीने ऐकतो आणि अशी व्याख्याने आणखी व्हावीत असे मला मनापासून वाटते. मात्र त्यांच्या रचनेतला एक दोष मला सतत खटकतो. बिस्मार्क आणि दोन महायुद्धे एका दिवशी, बाख, बेथोवेन आणि गटे दुसऱ्या दिवशी, तर गुटेनबर्गपासून कार्ल बेंझपर्यंतचे संशोधक तिसऱ्या दिवशी, अशी विभागणी बहुतेक ठिकाणी केली जाते. त्यामुळे संशोधकांवर बोलताना वक्ते यंत्राची आणि पारितोषिकाची माहिती देतात. ज्या समाजात आणि ज्या राजवटीत तो माणूस काम करत होता, त्यांच्याविषयी जवळजवळ काहीच बोलत नाहीत.

रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांच्याविषयी ऐकताना ही उणीव सर्वांत अधिक जाणवते. हवेतील नायट्रोजनचा हायड्रोजनशी संयोग घडवून अमोनिया मिळवता येतो, हे त्यांनी 1909 मध्ये कार्ल्सरूहे येथे प्रयोगाने दाखवून दिले. प्रयोगशाळेत थेंबाथेंबाने मिळणारा हा अमोनिया कारखान्यात टनावारी मिळावा यासाठी बीएएसएफ कंपनीतील कार्ल बॉश यांना फार झगडावे लागले. प्रचंड दाबाखालील तप्त हायड्रोजन पोलादात शिरून त्यातील कार्बन ओढून घेई आणि जाड नळ्याही फुटत. तेव्हा बॉश यांनी आतून मऊ लोखंडाचे अस्तर दिले आणि झिरपलेला हायड्रोजन निसटून जावा म्हणून बाहेरच्या पोलादाला बारीक छिद्रे पाडली. हाबर यांनी उत्प्रेरक (रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) म्हणून वापरलेला ऑस्मियम हा धातू अतिशय दुर्मीळ होता. आल्विन मिटाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो चाचण्या करून त्याऐवजी लोखंडावर आधारलेला स्वस्त उत्प्रेरक शोधला. 1913 मध्ये ओप्पाऊचा कारखाना सुरू झाला आणि आज जगातील बहुतेक नत्रखतांचे मूळ याच पद्धतीत आहे. वक्ते साधारणपणे इथपर्यंत येतात, हाबर यांना मिळालेल्या 1918 च्या नोबेल पारितोषिकाचा उल्लेख करतात आणि पुढच्या संशोधकाकडे वळतात.

परंतु 1914 मध्ये युद्ध पेटले, ब्रिटिश नौदलाच्या नाकेबंदीमुळे स्फोटकांसाठी लागणारा, चिलीहून येणारा सोरा बंद झाला, आणि त्याच अमोनियापासून नायट्रिक आम्ल तयार करून जर्मनीने आपली स्फोटके बनवणे चालू ठेवले. 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधील ईप्रजवळ जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला, त्याची तयारी हाबर यांच्याच देखरेखीखाली झाली होती. त्यांच्या पत्नी क्लारा इमरवार या स्वतः रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या होत्या. त्यांनी 2 मे रोजी आत्महत्या केली. त्यामागील कारणांविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत, म्हणून वक्त्याने या घटनेला नाट्याचा रंग देऊ नये, पण ती वगळूही नये. पुढे एप्रिल 1933 मध्ये नाझी सरकारने कायदा करून ज्यू प्राध्यापकांना आणि कर्मचाऱ्यांना सरकारी सेवेतून काढायला सुरुवात केली. जन्माने ज्यू असलेल्या हाबर यांना युद्धकाळातील सेवेमुळे सूट मिळू शकत होती; आपल्या संस्थेतील ज्यू सहकाऱ्यांना काढून टाकण्यापेक्षा त्यांनी राजीनामा देणे पसंत केले. जानेवारी 1934 मध्ये बाझल येथे त्यांचे निधन झाले.

याच्या बरोबर एका वर्षानंतर, जानेवारी 1935 मध्ये, भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स प्लांक यांनी बर्लिनमधील हारनाक हाउस येथे हाबर यांची स्मृतिसभा घेतली. शिक्षण मंत्रालयाने प्राध्यापकांना उपस्थित राहण्यास मनाई केली असतानाही सभागृह भरले, कारण अनेक प्राध्यापकांच्या पत्नी त्यांच्या जागी येऊन बसल्या. एका शास्त्रज्ञावरील जाहीर भाषण ऐकायला जाणे हेसुद्धा तेव्हा धैर्याचे काम होते. त्या सभेत बोललेले रसायनशास्त्रज्ञ ओटो हान यांच्या जवळच्या सहकारी, भौतिकशास्त्रज्ञ लीझ माइटनर यांना 1938 मध्ये जर्मनीतून पळून जावे लागले, आणि अणुकेंद्राच्या विखंडनासाठीचे 1944 चे नोबेल एकट्या हान यांना मिळाले. 1933 च्याच कायद्याने ग्योटिंगेनमधील गणितज्ञ एमी नोएदर यांनाही विद्यापीठातून बाहेर काढले होते. हे सगळे वगळून ‘जर्मन प्रतिभा’ या विषयावर बोलता येते, असे मला वाटत नाही.

चांगल्या जाहीर व्याख्यानाचा नमुना जर्मनीच्याच इतिहासात आहे. 1827-28 च्या हिवाळ्यात निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी बर्लिनच्या झिंगअकाडेमी या गायनसंस्थेच्या सभागृहात विनामूल्य व्याख्याने दिली, तेव्हा राजघराण्यातील माणसांपासून कारागिरांपर्यंत सारे ऐकायला आले. प्रशियातील विद्यापीठांनी रीतसर विद्यार्थिनी म्हणून स्त्रियांना 1908 मध्ये प्रवेश दिला. या सभागृहात मात्र त्या आठ दशके आधीच मोठ्या संख्येने बसल्या होत्या. हुम्बोल्ट तारे, ज्वालामुखी आणि वनस्पती यांच्यासोबत निसर्गाचे वर्णन करणाऱ्या काव्याचीही चर्चा करत. विज्ञान आणि संस्कृती यांच्यासाठी वेगवेगळे दिवस नेमण्याची त्यांना गरज भासली नाही.

मराठी श्रोत्यांना तर या इतिहासाशी जोडणारे एक आपलेच नाव आहे. इरावती कर्वे यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेटचे काम केले. कवटीच्या दोन बाजूंतील असमानता वंशाशी निगडित असते, अशी फिशर यांची धारणा होती. इरावतीबाईंच्या मोजमापांतून तसा संबंध दिसला नाही आणि त्यांनी आपला निष्कर्ष तसाच मांडला. फिशर पुढे नाझींच्या वंशवादी धोरणाचे समर्थक झाले, हे लक्षात घेतले की त्या निष्कर्षाचे मोल समजते. जर्मन विज्ञानावरील व्याख्यानांत या प्रसंगाचा उल्लेख मी कधी ऐकला नाही.

म्हणून आयोजकांना माझी विनंती आहे, की एका संध्याकाळी दहा संशोधकांची नावे मोजण्याऐवजी एकाच संशोधकाला संपूर्ण संध्याकाळ द्यावी, व्यासपीठावर त्या विषयाचा अभ्यासक आणि इतिहासाचा अभ्यासक असे दोघेही असावेत, आणि श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी किमान अर्धा तास राखून ठेवावा. सुरुवात हाबर यांच्यापासून करावी, असे मी सुचवतो.

आपला,
एक नियमित श्रोता