हातात वारा देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

पत्र तुम्हाला आहे, पण सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. पॉवर काइट, म्हणजे माणसाला ओढण्याइतका जोर धरणारा मोठा पतंग, उडवण्यात एवढं काय आहे, असं मला सारखं कुणी ना कुणी विचारतं, आणि तुमच्याबद्दल बोलल्याशिवाय मला त्याचं उत्तर देता येत नाही. नाव लिहीत नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही.

तुम्ही मला सगळ्यात आधी काय शिकवलंत, तर हँडल सोडायला. पतंग तो चार दोऱ्यांचा, दोन चौरस मीटरचा. दोन्ही मनगटांना सुरक्षेचे पट्टे बांधलेत, पतंग वर चढवलात आणि म्हणालात, "आता सोड." हँडल सुटली की ओढ घेणाऱ्या वरच्या दोऱ्या सैल पडतात, पतंग फक्त मनगटाच्या पट्ट्यांना जोडलेल्या, त्याच्या मागच्या काठाच्या ब्रेकच्या दोऱ्यांवर उरतो, त्याची सगळी ताकद जाते आणि तो फडफडत खाली येतो. तो नीट उचलून ठेवायचा, परत चढवायचा, परत सोडायचा. बाकी कुणी शिकवणारं असतं तर हे पाच मिनिटांत उरकलं असतं. तुम्ही माझ्या बोटांना सवय लागेपर्यंत थांबलात. ताई, पुढचा सगळा आनंद त्यावर उभा आहे. हात कधीही सोडू शकतात ही खात्री असते म्हणूनच मी आज अंगाचा सगळा भार मागे टाकून ओढीला उभी राहू शकते.

मग तुम्ही वाऱ्याची खिडकी दाखवलीत. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं. डावीकडून डोक्यावरून उजवीकडे आणि समोर खाली जमिनीपर्यंत, दोरीच्या लांबीएवढा जो पाव गोल तयार होतो, तेवढंच पतंगाचं आकाश. कडेला तो शांत असतो, डोक्यावर जवळपास थांबून राहतो, आणि समोरच्या मधल्या भागातून आडवा धावला की ओढतो. तिथे तो नुसता वारा अडवत नसतो, स्वतःच्या वेगाने जास्तीचा वारा तयार करत असतो. म्हणून इंग्रजी आठसारखी वळणं घेत राहिलं की त्याच वाऱ्यात, त्याच कापडातून कितीतरी पट जोर येतो. हे पुस्तकात वाचून समजलं असतं. पण पतंग मधून जाताना टाचा मातीत रुतल्या, कंबर आपोआप खाली गेली आणि दोऱ्या गुणगुणायला लागल्या, तेव्हा मी ओरडले होते. तुम्ही तेव्हा काहीच बोलला नाहीत, नुसत्या माझ्या मागे उभ्या राहिलात. त्या गप्प राहण्याचेसुद्धा आभार.

सगळ्यात सुंदर गोष्ट मात्र तुम्ही बऱ्याच नंतर सांगितलीत: झुळूक आधी मानेला लागते. वारा पाठीमागून येतो, पतंग पुढे पंचवीस मीटरवर असतो, म्हणजे माझ्या केसांतून गेलेली झुळूक त्याच्यापर्यंत पोहोचायला तीन-चार सेकंद लागतात. तेवढ्या वेळात पाय रोवायचे, पतंग कडेला घ्यायचा किंवा मुद्दाम मध्यभागी आणून तिची वाट बघायची. तुम्ही सांगेपर्यंत माझं सगळं लक्ष पतंगाकडे असायचं. आता मान, कान, पोटऱ्यांवरचा गवताचा स्पर्श, सगळं त्या कामाला लागलेलं असतं. दिवसभर डोक्यात घोळणारी कामं आणि बोलणी त्या तीन-चार सेकंदांत शिल्लकच राहत नाहीत, कारण त्यांना जागाच नसते. मला हवं होतं ते हेच, आणि ते मागायचं कसं हे मला माहीत नव्हतं.

हाताने ओढायचं नाही, मनगटाने सांगायचं, हेही तुमचंच. सुरुवातीला मी दंडांनी झगडायचे आणि दुसऱ्या दिवशी खांदे वर होत नसत. आता बोटाभराच्या हालचालीवर एवढं मोठं कापड वळतं. कडेला गेलं की त्याचा पुढचा काठ जरा मऊ पडतो, आणि ते डोळ्यांच्या आधी हँडलमध्ये कळतं. बोटांतून वासराची जीभ लागावी तसं ते जिवंत वाटतं. पतंग जमिनीवर उतरवताना दोन्ही ब्रेक एकदम घेऊन त्याला पाठीवर अलगद टेकवता येतं, त्याचा मला उडवण्याइतकाच अभिमान वाटतो.

दोऱ्या गुंडाळताना तुम्ही जुन्या गोष्टी सांगायचात. ब्रिस्टलचे शाळामास्तर जॉर्ज पोकॉक, ज्यांनी १८२६ मध्ये पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचं पेटंट घेतलं. आपल्या मुलीला, मार्थाला, खुर्चीत बसवून त्यांनी पतंगाने उंच उचललं होतं, आणि हीच मार्था पुढे क्रिकेटच्या डब्ल्यू. जी. ग्रेस यांची आई. १९०३ मध्ये सॅम्युअल कोडी पतंगाने ओढलेल्या होडीतून इंग्लिश खाडी पार करून गेले. आणि आपल्या हातातला काड्या नसलेला, कप्प्यांत हवा भरून पंखासारखा ताठ होणारा पतंग डॉमिना जॅलबर्ट यांच्या १९६४ च्या पॅराफॉइलच्या वंशातला. मी एकटी मैदानात असते तेव्हा ही माणसं आठवतात आणि आपण एका मोठ्या घरातले आहोत असं वाटतं.

तुमच्या नकारांचे आभार वेगळे मानायला हवेत. झाडांच्या आडोशाला वारा तुटतो म्हणून तुम्ही आम्हाला पार मोकळ्यावर चालत न्यायचात. ढग काळवंडले की पतंग पिशवीत. विजेच्या तारा दिसल्या की ती जागाच बाद. वारा ताशी १५ किलोमीटरवरून ३० वर गेला तर ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते, हे तुम्ही मातीत आकडे काढून समजावलंत, आणि त्या संध्याकाळी मी कितीही विनवलं तरी मोठा पतंग उघडला नाहीत. ताणलेली दोरी कातडी कापते म्हणून समोर कुणी चालत आलं की पतंग कडेला, मग कितीही रंगात आलेलो असू. आजकाल पहिल्याच महिन्यात मोठा पतंग घेऊन उड्या मारायला निघालेली मंडळी दिसतात. मला ते बघवत नाही. धोका आहे म्हणून तर खरंच, पण छोट्या पतंगावर मिळणारं हे बारीक सुख ती चाखतच नाहीत म्हणूनही. माझ्याकडे आता पाच चौरस मीटरचा पतंग आहे, तरी मंद वाऱ्याची मोकळी संध्याकाळ मिळाली की त्याच्या आधी मी लहानाच्या दोऱ्या उलगडते.

तुम्ही यासाठी कधी काही घेतलं नाहीत, विषय काढला की वाऱ्याकडे बोट दाखवायचात. म्हणून एक विचारते. तो दोन चौरस मीटरचा पतंग अजून माझ्याकडेच आहे. एका कप्प्याची शिवण नव्याने घातली आहे, ब्रेकच्या दोऱ्या बदलल्या आहेत. शेजारची एक मुलगी गेले काही दिवस मैदानाच्या कडेला उभी राहून बघते आणि काल तिने विचारलं, मला धरू द्याल का? तुमची हरकत नसेल तर तो तिच्यासाठी ठेवते. सुरुवात हँडल सोडण्यापासूनच करीन. होकार कळवा, आणि जमलं तर एखाद्या दिवशी स्वतः या. तिच्या मागे तुम्ही उभ्या राहिलात तर मला फार बरं वाटेल.

तुमची,
मोकळ्या मैदानावरची विद्यार्थिनी