येळवशीचा फोन का तुटला

न्युरेंबर्ग
रविवार, २८ डिसेंबर २०२५

ती. बापूंना आणि आईला साष्टांग नमस्कार.

सोन्या, हे पत्र तू मोठ्यानं वाचून दाखव. बापूंना फोनवर माझं अक्षर लागणार नाही. आत्ता फोटो पाठवते, कागद येताना घेऊन येईन.

मी बरी आहे. जेवण वेळेवर आहे, थंडीचे कपडे पुरेसे आहेत, ड्यूटीचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. आई, नाइट संपते तेव्हा ट्राम कामावर निघालेल्या माणसांनी भरलेली असते, तेव्हा एकटी कशी येतेस ते आता विचारू नकोस. आणि मी फोन मुद्दाम कापते असं मावशीला म्हणालीस, ते फार लागलं मला. म्हणून आज सगळं पहिल्यापासून सांगते.

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या दिवशी नाइट करून आले आणि न झोपता तुमच्या साडेबाराची वाट बघत बसले. इथे तेव्हा आठ वाजतात. कडब्याची कोप दिसली, आत मांडलेले पांडव दिसले, बापूंनी आंबिलीचा तांब्या उचलला आणि चित्र तिथंच थांबलं. तीनदा लावला, तीनदा तुटला. शेतात रेंज नाही म्हणून सोन्याला बोलणी बसली, पण त्याचा काही दोष नव्हता. लाइन माझ्याकडची जात होती.

दिवाळीपासूनच असं चाललं होतं. मला वाटायचं, वायफाय भिंतीपलीकडे पोचत नसेल. मागच्या रविवारी लॅपटॉप सरळ केबलनं राउटरला जोडला, तरी नेट गेलं. म्हणजे वायफायचा प्रश्न नव्हता. मग राउटरच्या दिव्यांकडे बघत बसले. नेट जाताना वायफायचा दिवा तसाच राहायचा, डीएसएलचा, म्हणजे बाहेरून येणाऱ्या लाइनीचा, मात्र मिचकायला लागायचा. माझ्या इमारतीत आपल्या घरासारखं फायबर नाही, टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरूनच नेट येतं. आधीच्या भाडेकरूनं भिंतीपासून राउटरपर्यंत दहा मीटर वायर कपाटामागून फिरवली होती आणि मधे एक जोड होता. त्या जोडाला बोट लावलं की दिवा मिचकायचा. दुखणं सापडलं.

पण तो रविवार होता. बापू, इथला रविवार तुम्हाला नीट सांगायला हवा, नाहीतर एका साध्या वायरीसाठी एक दिवस का थांबले हे कळायचं नाही. रविवारी इथे बाजार बंद असतो. आपल्याकडे दुकानं आठवड्याच्या सुट्टीला बंद असतात तसं नाही, अख्खं शहर बंद. लातूरच्या गंजगोलाईतलं एकूण एक शटर खाली आहे असं समजा. पाव-बेकरी थोडा वेळ उघडते, औषधाचं एखादं दुकान पाळीनं चालू राहतं, स्टेशनात थोडं काही मिळतं, बस्स. घरातसुद्धा भिंतीला भोक पाडायचं नाही, हातोडा मारायचा नाही, काचेच्या रिकाम्या बाटल्या रस्त्यावरच्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. पहिल्या महिन्यात मी रविवारी गणपतीच्या तसबिरीसाठी खिळा ठोकला, तर खालच्या आजी वर आल्या. रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, ‘आज रविवार आहे.’ मला वाटलं वार सांगताहेत. रविवार विश्रांतीचा, हे यांच्या १९१९ च्या राज्यघटनेत लिहिलेलं होतं आणि ते कलम आजच्या घटनेतही ठेवलंय. आधी मला याचा राग यायचा. आता नाही येत. तुम्हाला असा एक वार कधी मिळाला नाही, एवढं मनात येतं.

सोमवारी आखूड वायर आणली, राउटर भिंतीजवळ हलवला आणि साडेपाचला चालू केला. दिवसभराचं तुटणं थांबलं. पण मंगळवारी साडेपाचला एकदा गेलं, बुधवारीही त्याच मिनिटाला. तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे दहा, म्हणजे आपली बोलायची वेळ. राउटरच्या नोंदी उघडून वाचल्या तेव्हा उलगडा झाला. इथल्या काही लाइनी कंपनीच चोवीस तासांनी एकदा तोडून पुन्हा जोडते, आणि ते तास राउटर जोडला तेव्हापासून मोजले जातात. मी साडेपाचला चालू केला, म्हणून रोज साडेपाच. सेटिंगमध्ये ती वेळ पहाटे चारची करून टाकली. त्यानंतर फोन एकदाही तुटलेला नाही.

सोन्या, आपल्या राउटरच्या मागच्या बारीक भोकात सुई घालू नकोस. त्यानं आतलं सगळं पुसलं जातं आणि केबलवाल्याला बोलवावं लागतं. नुसतं बटण बंद करून चालू कर. लाल दिवा लागला तर दारात ती पिवळी वायर दुमडली आहे का बघ. फायबरला घडी चालत नाही.

आता पैशाचं. उद्या ६०,००० पाठवते. आई, त्यातून आधी तुझ्या पाटल्या सोडव. सोयाबीन पाण्यात गेलं, सोसायटीचं देणं आहे, सगळं माहीत आहे मला. त्यासाठी फेब्रुवारीत वेगळे पाठवीन. माझ्या जर्मनच्या क्लाससाठी ठेवलेल्या पाटल्या अजून बँकेत आहेत, आणि येळवशीला तुझ्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या. चित्र थांबलं तेव्हा मी तेच बघत होते.

उदगीरच्या स्थळाचं. बुधवारी तू तो विषय काढलास आणि फोन तुटला. तो लाइनीनंच तुटला, खोटं नाही सांगत. पण नेट मिनिटभरात परत आलं होतं. मी लावला नाही. तू वाट बघत जागी असणार हे कळत होतं, तरी लावला नाही. काय बोलावं सुचेना. मी नाही म्हणत नाहीये. मुलाशी आधी मी बोलेन. तो इकडे यायला तयार आहे, की मी नोकरी सोडून परत येईन असं त्यांनी धरलंय, एवढं कळू दे. तोवर बापूंनी कुणाला शब्द देऊ नये. वैशाखात महिनाभर रजा मागितली आहे.

आज रात्री बरोबर दहाला लावते. जागी राहा.

तुमची,
मनू