वेळापत्रकात दुसऱ्या प्रयत्नाला जागा हवी

महोदय,

उन्हाळी सुट्टी जवळ आली की मुलींचा आत्मविश्वास वाढवण्याची हमी देणाऱ्या शिबिरांच्या जाहिराती दिसू लागतात. असे शिबिर आपणच का सुरू करू नये, असेही अनेक शिक्षिकांच्या आणि पालकांच्या मनात येते. जरूर करावे. मात्र जागा, शुल्क आणि टी-शर्टचा रंग ठरवण्याआधी वेळापत्रकावर एक गोष्ट लिहून ठेवावी : आज जे काम फसेल, ते उद्या पुन्हा करायला वेळ. बहुतेक वेळापत्रकांत नेमका हाच तास नसतो. सकाळी प्रेरणादायी व्याख्यान, मग गिर्यारोहणाची भिंत, दुपारी हस्तकला, संध्याकाळी नाच, असा सगळा तासातासाचा धडाका. भिंतीवर अर्ध्यातून उतरलेली मुलगी ‘आपल्याला हे जमत नाही’ एवढेच शिकून घरी जाते. ती शिबिराला आलीच नसती तर निदान हे तरी शिकली नसती.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ‘हे मला जमेल’ या विश्वासाचे चार स्रोत मांडले : स्वतः करून मिळालेले यश, आपल्यासारख्याच कुणाला तरी ते करताना पाहणे, इतरांनी दिलेला धीर आणि त्या वेळची शरीराची व मनाची अवस्था. यांतला पहिला सर्वांत भक्कम. व्याख्यान तिसऱ्यात मोडते, म्हणून त्याला दिवसाची पंधरा मिनिटे पुष्कळ झाली.

तेव्हा सात दिवसांच्या शिबिरात दहा-बारा उपक्रम कोंबू नयेत. चार पुरेत, प्रत्येकाला दीड तासाची दोन सत्रे, आणि त्या दोन सत्रांमध्ये एक रात्र. काम असे निवडावे की जमले की नाही हे कुणी सांगावे लागू नये. सायकलचे पंक्चर काढणे यासाठी उत्तम, कारण हवा टिकते किंवा जाते. तिथे कौतुकाचा उपयोग नाही. चार मुलींमागे एक चाक, टायर काढायचे दोन लिव्हर, पंप, पाण्याची बादली, पॉलिश पेपर, सोल्यूशन आणि पॅच एवढ्या सामानात भागते. पहिल्या दिवशी हमखास दोन चुका होतात. एक, सोल्यूशन लावल्या लावल्या पॅच दाबला जातो. ते पाचेक मिनिटे सुकून त्याची चमक जायला हवी, नाहीतर हवा भरताच पॅच कडेने सुटतो. दुसरी चूक जास्त शिकवून जाते : ट्यूब नीट चिकटते, पण काटा टायरच्या आतच राहतो आणि चाक थोडे फिरले की हवा पुन्हा जाते. टायरच्या आतून कापडाचा बोळा फिरवला की काट्याला अडकतो. बोटाने चाचपायचे नाही, ही सूचना आधीच द्यावी. काट्याबद्दल मात्र गप्प बसावे. दुसऱ्या दिवशी बसलेले चाक समोर ठेवून ‘हवा कुठून गेली असेल?’ एवढेच विचारावे.

शेकोटीचेही तसेच. जाड लाकडे आधी रचली जातात, हवेला वाट राहत नाही, काड्या संपतात. दुसऱ्या दिवशी मुली आपणहून काडीएवढ्या, मग पेन्सिलीएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या जाडीच्या फांद्या वेगळ्या करतात. (केस बांधलेले, सैल सिंथेटिक कपडे नाहीत, शेजारी पाण्याच्या दोन बादल्या, यात सवलत नाही.) होकायंत्राने दिशा चुकते ती बहुधा जवळच्या मोबाइलमुळे किंवा पट्ट्याच्या लोखंडी बकलमुळे. अशा अपयशाची किंमत तासभराचा उशीर किंवा धुराने चुरचुरणारे डोळे इतकीच असते, म्हणून ते होऊ द्यावे. उंची आणि पाणी या दोन ठिकाणी मात्र हौशीपणा नको. तिथे प्रशिक्षित माणूस आणि तपासलेले साहित्य नसेल तर उपक्रमच रद्द करावा. किती उंच चढायचे हे मुलीने ठरवावे. न चढणारीला वेळ मोजण्याचे, नोंदी ठेवण्याचे काम असावे. तिने गटाबाहेर जाऊन बसू नये.

आता गटताईंविषयी, म्हणजे मुलींचा गट सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांविषयी, कारण शिबिरे फसतात ती इथे. कळवळ्यापोटी ताई मुलीच्या हातातला लिव्हर काढून घेते आणि स्वतः टायर उघडून देते. काम होते, मुलीच्या पदरी काही पडत नाही. शिबिराआधी पाच दिवसांचे प्रशिक्षण ठेवावे आणि त्यातले तीन दिवस ताईंनी सगळी कामे स्वतः करावीत, फसावीत तशी फसू द्यावीत. मग नियम सोपा : मुलगी अडली तर आधी एक प्रश्न, मग एक सूचना, आणि तरीही अडली तर दुसऱ्या चाकावर करून दाखवायचे. तिच्या कामाला हात लावायचा तो फक्त इजा होणार असेल तर.

शाबासकीचेही प्रशिक्षण लागते. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ज्या मुलांची बुद्धी वाखाणली गेली, ती पुढच्या अवघड कोड्यांत अडल्यावर लवकर नाउमेद झाली. ज्यांची मेहनत वाखाणली, ती टिकून राहिली. म्हणून ‘किती हुशार आहेस’ नको; ‘सोल्यूशन सुकेपर्यंत थांबलीस’ हे चालेल. ‘सर्वोत्कृष्ट शिबिरार्थी’ हा पुरस्कार तर मुळीच नको. एक मुलगी खूश होते आणि बाकीच्या सगळ्यांना निकाल कळतो.

संख्येचा मोह आवरावा. अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या मानकानुसार निवासी शिबिरात ९ ते १४ वयोगटाच्या आठ मुलांमागे किमान एक कार्यकर्ता असावा. पहिल्या वर्षी आठ मुलींमागे दोन ताई ठेवाव्यात, कारण एखादी मुलगी आजारी पडली की एक ताई तिच्याजवळ अडकते. १० ते १३ वयाच्या चोवीस मुली, तीन गट, सहा ताई आणि जिच्याकडे कोणताच गट नाही अशी एक संयोजिका, एवढा पसारा पुरे. कोणतीही प्रौढ व्यक्ती एका मुलीसोबत बंद दाराआड एकटी राहणार नाही, हा नियम संस्थापकांनाही लागू. जागा आदल्या वर्षी त्याच ऋतूत, आणि रात्रीही, पाहून यावी. पाण्याचा तुटवडा आणि अंधारातल्या स्वच्छतागृहाची वाट दिवसा हिवाळ्यात कळत नाही. प्रत्येक स्वच्छतागृहात सॅनिटरी पॅड आणि झाकणाची कचरापेटी असावी. या वयात काहींची पहिली पाळी शिबिरातच येते, तेव्हा पहिल्या संध्याकाळीच ताईने ते सरळ शब्दांत सांगून टाकावे. ऊन चढण्याआधी मेहनतीची कामे, दुपारी सक्तीची विश्रांती.

मुलींच्या शिबिरात खरचटण्यापेक्षा त्रासदायक ठरते ते एखादीला वाळीत टाकणे. एकाच शाळेच्या मैत्रिणी वेगवेगळ्या गटांत घालाव्यात, गट आठवडाभर तोच ठेवावा, पण कामाच्या जोड्या रोज बदलाव्यात आणि त्या ताईने लावाव्यात. ‘आपापली जोडी निवडा’ म्हटले की कोण उरते, हे सगळ्यांना दिसते.

पालकांची बैठक शिबिराआधी तीन आठवडे घ्यावी. दमा, अ‍ॅलर्जी, चालू औषधे यांचे फॉर्म तेव्हाच भरून घ्यावेत, म्हणजे राहिलेल्या त्रुटी दूर करायला वेळ मिळतो. तिथेच एक गोष्ट आग्रहाने सांगावी : ‘आवडले नाही तर लगेच न्यायला येऊ’ असे वचन मुलीला देऊ नका. घरच्या ओढीवर बरेच संशोधन केलेले ख्रिस्तोफर थर्बर यांचाही पालकांना हाच सल्ला आहे. असे वचन मिळालेली मुलगी पहिल्या अवघड रात्री त्याचाच विचार करत बसते. त्यापेक्षा आधी एक-दोन रात्री नातेवाइकांकडे राहण्याचा सराव करावा. शिबिरात रोजच्या फोनऐवजी पत्र बरे. अर्थात सलग दोन दिवस जेवण-झोप बिघडलेल्या मुलीच्या बाबतीत संयोजिकेनेच पालकांना फोन करावा. तिथे तत्त्व ताणू नये.

पैशांबाबत थोडक्यात : विमा, प्रथमोपचार आणि ताईंचे प्रशिक्षण यांचा खर्च आधी धरून मग शुल्क ठरवावे. एक चतुर्थांश जागा सवलतीच्या ठेवाव्यात आणि कोणाला सवलत आहे हे ताईंनाही कळू देऊ नये.

शेवटच्या दिवशी ‘शिबिर आवडले का?’ असे विचारले तर जवळपास सगळ्या हो म्हणतात, त्या उत्तराचा उपयोग नाही. तीन महिन्यांनी मुलीला आणि पालकांना वेगवेगळे विचारावे : शिबिरानंतर एखादी गोष्ट पहिल्यांदा फसल्यावर तिने पुन्हा करून पाहिली का, आणि कोणती? एखाद्या गटातून ठोस उदाहरणे आलीच नाहीत, तर पुढच्या वर्षी मुलींची संख्या वाढवू नये. चारांतला एक उपक्रम काढून त्याचा वेळ उरलेल्या तिघांना द्यावा.

आपले,
शिबिर-संयोजनाचे काम करणारे काही वाचक