आजीच्या वर्षाच्या मिस्साबद्दल

प्रिय आई-बाबा,

आजीला जाऊन वर्ष होईल तेव्हाच्या मिस्साचं, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचं, फोनवर नीट बोलणं होत नाही, दर वेळी काहीतरी राहून जातं. म्हणून लिहूनच काढते. आई, तू हे बाबांना वाचून दाखव. तारखांचा भाग मात्र त्यांनी स्वतः चष्मा लावून बघावा.

आधी दिवस ठरवू. वर्षदिन यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या रविवारी येतोय. अशा रविवारी मृतांसाठीचा खास मिस्सा होत नाही. त्या रविवारचाच मिस्सा होतो आणि आजीचं नाव इंटेन्शनमध्ये, म्हणजे तो ज्यांच्यासाठी अर्पण होतो त्यांच्या नावांत, येतं. प्रार्थना म्हणून त्यात काहीच उणं नाही, पण वाचनं आणि गीतं आपल्याला निवडता येणार नाहीत. त्यापेक्षा आदल्या शनिवारी सकाळचा मिस्सा मागा. संध्याकाळचा नको, कारण शनिवारी संध्याकाळी रविवारचाच मिस्सा असतो, आणि नोकरीवाले नातेवाईक नेमका तोच सुचवतील. फादरांना ‘पहिला वर्षदिन’ असं स्पष्ट सांगा. उपवासकाळात साध्या वारी मृतांचा मिस्सा एरवी घेत नाहीत. पहिल्या वर्षदिनाला तेवढी मुभा आहे, तीही राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि पवित्र आठवडा (ईस्टरआधीचा शेवटचा) सोडून. पुढच्या वर्षी मागायला गेलात तर नाही म्हणतील, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

उपवासकाळ असल्यामुळे आणखी दोन गोष्टी. वेदीवर फुलं ठेवत नाहीत, म्हणून मोगऱ्याचे गजरे थेट कबरीवर न्यायचे. आणि गायकवृंदाने निवडलेल्या गीतांत कुठे आलेलुया, म्हणजे उपवासकाळात न म्हणायचा आनंदघोष, नाही ना, हे आधीच बघून घ्या. आजीचं आवडतं गीत म्हणून कोणीतरी पास्काचं, म्हणजे ईस्टरचं, गीत घालतं आणि मग ऐनवेळी वही उलटत बसावं लागतं.

वाचनांसाठी काकी नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय धरून बसली आहे, ती सद्गुणी स्त्रीची स्तुती. सुंदर आहे, पण मृतांच्या मिस्साच्या ठरलेल्या वाचनांत तो उतारा नाही. तो घरच्या रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या, वेळी वाचू. मिस्सात पहिलं वाचन 2 मक्काबी 12:43-46 घ्यावं असं मला वाटतं. मेलेल्यांसाठी प्रार्थना का करायची, ते त्यात चार ओळींत सरळ सांगितलंय. शुभवर्तमान लूक 7:11-17, नाईनच्या विधवेचं. ज्या बाईने नवरा गेल्यावर मुलं वाढवली तिच्यासाठी याहून नेमकं काही सापडणार नाही.

बाबा, आता तुमच्या भाषणाबद्दल. अंत्यविधीच्या मिस्सात प्रवचनाच्या जागी मृताची स्तुती करायची नाही, असा चर्चचा नियम आहे, आणि वर्षाच्या मिस्सालाही फादर तोच धरतील. घरच्यांचे दोन शब्द ख्रिस्तप्रसादानंतरची प्रार्थना झाल्यावर, तेही विचारून. तीन मिनिटं म्हणजे साधारण एक पान. त्याहून लांब असेल ते मिस्सा झाल्यावर घरी बोला.

त्या एका पानात ‘मायाळू, कष्टाळू, प्रार्थनाशील’ असं लिहू नका. हे शब्द प्रत्येक स्मृतिकार्डावर असतात आणि त्यात आजी कुठेच दिसत नाही. तिच्या ज्या गोष्टी फक्त तिच्याच होत्या त्या लिहा. तिच्या लहानपणी ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. 1953 मध्ये पाण्याची मुभा मिळाली, 1957 मध्ये उपास तीन तासांवर आला आणि 1964 मध्ये एका तासावर. आजीने यातलं काहीच मानलं नाही. साठावं वर्ष लागलं की उपवासकाळातल्या उपवासाचंही बंधन उरत नाही, हेही तिला फादरांनी सांगून पाहिलं होतं.

रोझरीचंही तसंच. 2002 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची रहस्ये (रोझरीत मनन करायच्या येशूच्या आयुष्यातल्या प्रसंगांचा नवा गट) दिली आणि ती गुरुवारी म्हणायची पद्धत पडली. आनंदाची रहस्ये गुरुवारवरून शनिवारी गेली. आजी मात्र जुन्या क्रमानेच चालली, गुरुवारी आनंदाची, शनिवारी गौरवाची. सगळे एक रहस्य म्हणत आणि ती मोठ्याने दुसरंच. मिस्सा चालू असताना तिची बोटं मण्यांवर फिरत, त्यावरून नव्या पिढीची माणसं नाराज व्हायची. पण मिस्सा लॅटिनमध्ये असे तेव्हा बाकांवरची बहुतेक माणसं रोझरीच म्हणत. ती सवय मराठी मिस्सा आल्यावर सुटली नाही, इतकंच. हे कारण पानात जरूर घाला.

आणि सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली राजेळी केळी. आजोबा गेल्यावर घर कशावर चाललं ते नातवंडांना माहीत असावं. राजेळीचा लोंगर, म्हणजे घड, पूर्ण भरल्यावर उतरवायचा, पिकवायचा, सोलून मांडवावर उन्हात टाकायचा. संध्याकाळी सगळी केळी गोळा करून सुक्या पानात गुंडाळून ठेवायची म्हणजे आतली गोडी बाहेर येते, सकाळी पुन्हा ऊन. असं आठवडाभर. केळं कमी पिकलेलं असेल तर सुकल्यावर चामट होतं, जास्त पिकलं तर मांडवाला चिकटून तुटतं. मध्येच दोन दिवस ढग आले तर बुरशी धरते आणि सगळा माल जातो. म्हणून पावसाळ्यात हे काम बंद, म्हणजे मिळकतही बंद. त्या चार महिन्यांसाठी ती उन्हाळ्यात काय बाजूला टाकायची हे बाबांना ठाऊक आहे, मला नाही. तो आकडा आठवत असेल तर लिहा. रोजचे मूठभर तांदूळ मात्र पावसाळ्यातही गरिबांच्या डब्यात पडत होते.

कार्डावरच्या तारखा कोणाला विचारून लिहू नका. आजीची जन्मतारीख शाळेत एक आणि रेशनकार्डावर दुसरी आहे. खरी तिच्या माहेरच्या चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवहीत मिळेल, म्हणजे निर्मळला. तिथे जन्म आणि बाप्तिस्मा अशा दोन तारखा असतात, त्यांची गल्लत नको. त्याच ओळीच्या समासात दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा संस्कार) आणि लग्नाची नोंदही असायला हवी. लग्नाची वही बहुतेक माहेरच्याच चर्चमध्ये, मृत्यूची आपल्या नंदाखालच्या. एखादं धर्मग्राम, म्हणजे एका चर्चचा परिसर, नंतर वेगळं झालं असेल तर जुनी वही मूळ चर्चकडेच असते. वसई धर्मप्रांत 1998 मध्ये झाला, त्यामुळे जुन्या दाखल्यांवर मुंबईचा शिक्का दिसला तर चुकीचा कागद मिळाला असं समजू नका. कार्यालयात तिचं बाप्तिस्म्याचं नाव, आईवडिलांची नावं आणि अंदाजे साल लिहून न्या. घरात हाक मारायचे ते नाव सांगितलंत तर दिवसभर शोधूनही सापडणार नाही.

फोटोसाठी मामाच्या लग्नातला ग्रुप फोटो नको. त्यात चेहरा नखाएवढा आहे, मोठा केला की नाकडोळे विरघळतात. कपाटातला पासपोर्ट फोटोचा जुना प्रिंट चालेल, फक्त दुकानात 600 डीपीआयवर स्कॅन करायला सांगा. मोबाइलने फोटोचा फोटो काढू नका, कागदाची चमक येते.

संगमरवरी पाटीची घाई मला पटत नाही. कबर कायमची घेतलेली नसेल तर काही वर्षांनी ती जागा दुसऱ्यासाठी उघडतात, मग पाटी घरी येऊन भिंतीला टेकून राहते. आधी कार्यालयात कबरीची पावती दाखवून मुदत विचारा. संत ऑगस्टिनची आई संत मोनिकाही विधवाच होती. 387 मध्ये रोमजवळच्या ओस्तियाला मरताना तिने मुलांना सांगितलं की शरीर कुठेही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. आजीने वेगळं काही मागितलं नसतं. पाटीच्या पैशांत बरेच मिस्से होतील. एका मिस्साला एकच दान घ्यायचं असा नियम आहे. अनेकांची दानं एकत्र करून एक मिस्सा करायचा असेल तर देणाऱ्यांना तसं आधी सांगावं लागतं. म्हणून पैसे देताना आजीचा मिस्सा स्वतंत्र आहे का, हे विचारून तारीख लिहून घ्या.

नोव्हेंबरच्या 1 ते 8 तारखांना दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली तर पूर्ण दंडविमोचन, म्हणजे पापांबद्दलच्या शिक्षेची पूर्ण माफी, मिळतं, ते आजीसाठी अर्पण करता येतं. पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना हे सोबत हवं. आई, तुझ्या गुडघ्यांना 2 तारखेची, सर्व मृतांच्या दिवसाची, गर्दी झेपणार नाही. त्या आठातला कुठलाही दिवस चालतो, सकाळी ऊन चढायच्या आत जा.

दाखला हातात आला की त्याचा फोटो पाठवा, कार्डाचा मजकूर मी लावून देते. छापायच्या आधी बाबांनी नाव एकदा अक्षर अक्षर वाचावं.

तुमची,
लेक