सरपंचबाईंच्या हातात दप्तर द्या : ग्रामविकास मंत्र्यांना खुलं पत्र

मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : कोकणातल्या महिला सरपंच आणि बचतगट अध्यक्षांचं नेतृत्व प्रशिक्षण

महोदय,

कोकणात महिला सरपंचांचं प्रशिक्षण कसं पार पडतं ते आपल्याला ठाऊक असेलच. अकराला दीपप्रज्वलन, मग शाल-श्रीफळ, मग ‘स्वतःला कमी समजू नका’ छापाचं एक लांबलचक भाषण. त्यात जिजाऊ, अहिल्यादेवी, सावित्रीबाई ओळीने येऊन जातात. जेवणानंतर योजनांच्या स्लाइड. हिशेबाचं सत्र सगळ्यात शेवटी ठेवलेलं असतं आणि तोवर खाडीपलीकडच्या बायका घड्याळ बघायला लागलेल्या असतात, कारण एसटी चुकली तर शेवटची फेरीबोटही चुकते. ते सत्र वीस मिनिटांत उरकतं. आमच्या मते त्या दिवसातलं प्रशिक्षण एवढंच, बाकी समारंभ.

विजयालक्ष्मी पंडित १९३७ साली संयुक्त प्रांतात (आजच्या उत्तर प्रदेशात) मंत्री झाल्या. देशातल्या त्या पहिल्या महिला मंत्री. त्यांच्याकडे खातं होतं स्थानिक स्वराज्य आणि आरोग्याचं, म्हणजे आपल्या खात्याच्या जवळचंच. त्यांचं नाव भाषणांत येतं, त्यांचं खातं येत नाही.

आता गावात येऊ. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी लागू झाली, पंचायतींत महिलांसाठी एक तृतीयांश जागा आल्या. २०११ मध्ये राज्याने त्या एकूण जागांच्या निम्म्यापर्यंत वाढवल्या. खुर्ची मिळाली. पण वित्त आयोगाचा पैसा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरून निघतो तो खुर्चीवर बसून नव्हे, दोन डिजिटल सह्यांनी. एक सही ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (गाव त्यांना अजून ग्रामसेवकच म्हणतं), दुसरी सरपंचाची. ही दुसरी सही म्हणजे पेनड्राइव्हसारखं बोटभर टोकन आणि त्याचा पिन. बऱ्याच ठिकाणी ते टोकन संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं, पिनची चिठ्ठी त्यालाच रबरबँडने गुंडाळलेली. नोंदणीत दिलेला मोबाईल नंबर यजमानांचा, नाहीतर मुंबईत राहणाऱ्या दिराचा. म्हणजे मेसेज परळला वाजतो आणि बिल गावात निघतं. सरपंचबाईंना कळतं ते रस्त्यावर खडी पडल्यावर. कधीकधी न पडताच.

यासाठी व्याख्यान नको. वर्गाला येताना प्रत्येकीने स्वतःचं टोकन आणावं, पिन तिथेच स्वतःच्या हाताने बदलावा आणि नंबर बदलण्याचा अर्ज तिथेच भरावा. मग एका खऱ्या कामाची फाईल उघडून चार कागद शेजारीशेजारी ठेवावेत : मासिक सभेचा ठराव, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेतली नोंद, ठेकेदाराचं बिल. रक्कम, लांबी-रुंदी, तारीख चारही ठिकाणी जुळली तरच सही. ज्या फाईलमध्ये मोजमापाची तारीख बिलाच्या नंतरची आहे अशी एखादी फाईल मुद्दाम द्यावी आणि चूक शोधायला लावावी. पहिल्या खेपेला निम्म्याहून जास्त जणींच्या नजरेतून ती सुटेल. सुटू द्या, दुसऱ्या खेपेला सुटत नाही.

दुसरी जागा इतिवृत्ताची. सभा संपते, चहा होतो, सह्या होतात आणि ठराव मागाहून ‘फेअर’ केले जातात. तीन ठरावांखाली अर्धं पान कोरं राहतं आणि त्या कोऱ्या जागेत पुढच्या आठवड्यात चौथा ठराव उगवतो. सही आधीचीच असते. उपाय दोन मिनिटांचा आहे : उठण्याआधी ठराव मोठ्याने वाचायचा, सूचक-अनुमोदकांची नावं घालायची, शेवटच्या ओळीखाली पानाच्या तळापर्यंत तिरकी रेघ ओढायची, मग सही.

ग्रामपंचायतीचे १ ते ३३ नमुने पाठ करायला लावू नयेत. त्या धाकाने बायका गप्प होतात. तीन नमुने पुरे : नमुना ५ म्हणजे रोकड वही, नमुना ८ म्हणजे कर आकारणी आणि नमुना ९ म्हणजे कर मागणी. कोकणात नमुना ९ ला वेगळं वजन आहे. वाडीतली कितीतरी घरं वर्षभर कुलूपबंद असतात आणि घरपट्टी थकलेली असते. चाकरमानी गणपतीला येतो, पाच-सात दिवस राहतो, परत जातो. थकबाकीची वाडीवार यादी चतुर्थीच्या आठ दिवस आधी तयार नसेल तर ती वसुली शिमग्यावर जाते. आणि महिला व बालकल्याणासाठीचा दहा टक्के हिस्सा ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नावरच मोजला जातो. वसुली बुडाली की अंगणवाडीच्या भांड्यांचे पैसेही बुडाले. हा धागा प्रशिक्षणात कोणी जोडून दाखवत नाही.

ग्रामसभेआधीची महिला सभा बहुतेक ठिकाणी कागदावरच होते, कारण वाड्या विखुरलेल्या. शाळेतल्या सभेला येण्यासाठी वरच्या वाडीतल्या बाईने घाटी उतरायची, सभेनंतर चढायची, त्यात अर्धा दिवस जातो. किसान सभेच्या गोदावरी परुळेकर १९४५ मध्ये तलासरी-डहाणूकडे वेठबिगारीविरुद्ध उभ्या राहिल्या तेव्हा त्या वारल्यांच्या पाड्यांवर गेल्या, पाड्यांना तालुक्याला बोलावत बसल्या नाहीत. महिला सभा वाडीनिहाय घेण्याची स्पष्ट सूचना आपल्या खात्याने काढावी. वाडीत झालेल्या मागण्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर शब्दशः चढल्या पाहिजेत, हेही त्यात असावं. नाहीतर मागणी असते ‘विहिरीला कठडा’, आणि विषयपत्रिकेवर येतं ‘विकासकामांबाबत चर्चा’.

आणि त्या मागण्यांत पाणी असणारच. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये टँकर लागतो, कारण जांभा पाणी धरत नाही. मृणाल गोरे १९६१ साली मुंबई महापालिकेत निवडून गेल्या आणि गोरेगावच्या पाण्याचा एकच प्रश्न इतका धरून ठेवला की लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणू लागले. १९७७ च्या लोकसभेनंतर ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा घराघरांत गेली. घोषणा सगळ्यांना आठवते, आधीची सोळा वर्षं कमी जणांना. सरपंचाची मुदत पाच वर्षांची. तिने पहिल्याच वर्षी एक प्रश्न निवडावा. पाणी निवडलं, तर वनराई बंधारा व्हाळाला (ओढ्याला) वाहतं पाणी असतानाच घालायचा, पाऊस सरल्यापासून फार तर डिसेंबरपर्यंत. सिमेंटच्या रिकाम्या गोणी मातीने भरून तोंडं शिवायची, विटांसारखा सांध्यावर सांधा चुकवायचा, थरांमध्ये चिकणमाती चोपायची. नुसत्या वाळूच्या गोणी झिरपतात. मंजुरी जानेवारीत आली तर व्हाळ आटलेला असतो आणि फोटोपुरता बंधारा होतो.

आता बचतगटांकडे येतो, कारण पैशाची खरी ओढाताण इथे आहे.

लिज्जत पापडाची गोष्ट प्रत्येक वर्गात सांगितली जाते : १५ मार्च १९५९, गिरगाव, सात बायका, ऐंशी रुपये उसने. इथेच टाळ्या पडतात आणि गोष्ट संपते. कोकणाच्या कामाची गोष्ट त्यापुढे आहे. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद पडलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाली. काम सुरू राहिलं. दुसरं असं की सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करत, एक चांगला, एक स्वस्तातला. त्यांचे मार्गदर्शक छगनबाप्पा पारेख यांनी सांगितलं की एकच प्रत ठेवा, ती कधी उतरू देऊ नका आणि हिशेब चोख ठेवा.

आमसुलांचं दुखणं हेच आहे. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिल-मेमध्ये पिकतात. फोडून बी आणि गर वेगळा काढायचा, सालं उन्हात घालायची, मिठाच्या रसात बुडवून पुन्हा वाळवायची, अशी चार-पाच पुटं द्यायची. शेवटची पुटं मेअखेरीस येतात आणि नेमकं तेव्हाच मळभ धरतं. दोन दिवस ऊन नाही मिळालं की सालांवर पांढरी बुरशी. घाईत ओलसर माल पिशवीत भरला तर महिन्याभरात पिशवीच्या आत दव धरतं, आणि मुंबईच्या गिऱ्हाईकाने एकदा ती पिशवी परत केली की पुढच्या वर्षी तो फोन उचलत नाही. खळ्यात ताडपत्रीखाली झाकून हे सुटत नाही. ड्रायर लागतो आणि तो मार्चच्या आत लागतो. आपल्याकडे गटाचं कर्ज मंजूर होतं जूनमध्ये. वरातीमागून घोडं.

प्रतीचंही तसंच. बारा जणी बारा घरी आमसुलं करतात, कोणी तीन पुटं देते, कोणी पाच, आणि सगळा माल एका लेबलखाली जातो. माल घेताना वजनकाट्याशेजारी कोरड्या, पूर्ण पुटांच्या आमसुलांची नमुन्याची बरणी ठेवावी, तिच्याशी ताडून घ्यावं आणि कमी पडेल तो माल परत करावा. हे अध्यक्षबाईंना जड जातं, कारण परत करायचा माल बहुतेक वेळा जावेचा असतो. प्रशिक्षणात सराव घ्यायचा तो याचा. व्यासपीठावर बोलण्याचा सराव पुष्कळ झाला.

बँकेत काय होतं ते एका उदाहरणाने सांगतो. बारा बायका, महिना शंभर रुपये : महिन्याला १,२००, वर्षाला १४,४००. सहापट केले तर ८६,४००. शाखेत त्यांना सांगतात, तुमची पात्रता एवढीच. पण ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या गटांसाठी रिझर्व्ह बँकेची सूचना पहिल्या कर्जाला अशी आहे की निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यातली जी रक्कम मोठी असेल ती. म्हणजे गट ६३,६०० रुपये टेबलावर सोडून घरी येतो. ही सूचना मराठीत, एका पानावर, प्रत्येक गटाच्या दप्तरात चिकटवलेली असावी.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या बायकांनी माणदेशी महिला बँकेसाठी अर्ज केला तेव्हा प्रवर्तक निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. त्या बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हांबरोबर पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, कुठलीही रक्कम सांगा, व्याज तोंडी काढून दाखवतो, तुमच्या अधिकाऱ्यांनीही यंत्राशिवाय काढावं. १९९७ साली बँक उभी राहिली. आपल्या गटांत आजही महिन्याला ‘शेकडा दोन’ म्हणजे वर्षाला चोवीस टक्के, हे अध्यक्षांनाच विचारलं तर उत्तर चाचपडत येतं. सीआरपी ताई, म्हणजे गटांना मदत करणाऱ्या अभियानाच्या गावपातळीवरच्या कार्यकर्त्या, वही लिहून देतात, म्हणून गट चालतो. ताई बदलल्या की वही थांबते. वही दर सहा महिन्यांनी दुसऱ्या सदस्येकडे जावी, असा नियमच करावा.

प्रदर्शनांबद्दल थोडक्यात. महालक्ष्मी सरस या मुंबईतल्या बचतगटांच्या प्रदर्शनाहून परत आलेला गट विक्रीचा आकडा सांगतो, उरल्याचा सांगत नाही. रातांबे, मीठ, जळण, पिशवी, लेबल, भाडं, मुंबईतलं जेवण आणि स्वतःची मजुरी वजा केल्याशिवाय कोणालाही ‘लखपती दीदी’च्या, म्हणजे वर्षाला लाखभर कमावणाऱ्या गटसदस्यांच्या, यादीत घालू नये.

राहिल्या तारखा. एप्रिल-मे आमसुलं, काजू आणि आंब्याचे, जून-जुलै लावणीचे, पुढे गणपती, मग कापणी-झोडणी. मोकळा काळ नोव्हेंबरअखेर ते जानेवारी. वर्ग तेव्हाच ठेवावा, जिल्ह्याच्या ठिकाणी न ठेवता खाडीच्या दोन्ही काठांवर वेगवेगळा ठेवावा, सकाळी पहिल्या तासाला रोकड वही आणि दीपप्रज्वलन वेळ उरला तर. निमंत्रण ग्रामपंचायतीच्या ईमेलवर पाठवू नये. तिच्या नावाने, तिच्या स्वतःच्या नंबरवर पाठवावं. तो नंबर खात्याकडे नसेल, तर कामाची सुरुवात तिथूनच करावी लागेल.

आपले,
कोकणात सरपंच व बचतगटांचे वर्ग घेणारे आणि त्यांच्या वह्या तपासणारे काही जण